बारा तास, एक दुखरी नडगी आणि न आलेली पाळी

पत्र

वय ३९, बैठं काम. सव्वा वर्षापूर्वी तपासणीत साखर सीमारेषेवर निघाली आणि मी चालायला लागले. चालण्याचं धावणं झालं. आता सोमवार ते शनिवार रोज सकाळी नऊ किलोमीटर, तासभर. रविवारी अठरा. शिवाय चार दिवस संध्याकाळी जिम. वजन ६३ चं ५४ झालं, साखर ताळ्यावर आली. अ‍ॅपमध्ये खाण्याची नोंद ठेवते, १५०० कॅलरीच्या वर जात नाही. रात्रीचं जेवण जवळपास बंदच आहे.

पण गेले दोन महिने पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. नेहमीच्या वेगालाच धाप लागते. सकाळची नाडी ५६ असायची, ती आता ६६. उजव्या नडगीवर एका जागी दुखतं. आधी धावून झाल्यावर दुखायचं, मग धावताना, आता रात्री पडल्यावरही ठसठसतं. पाळी तीन महिने आलेली नाही, पण ते चाळिशी आल्यामुळे असेल. नवरा म्हणतो, अति तिथे माती, आणि धावून हृदय खराब होतं असंही त्याने कुठेतरी वाचलंय. मैत्रिणी म्हणतात, शरीराला सवय होते, थांबलीस की संपलीस. गेल्या महिन्यात ताप होता तरी धावले. प्रवासामुळे एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट केलं, नाहीतर चैन पडलं नसतं.

मला एकच सांगा : सामान्य माणसासाठी किती व्यायाम म्हणजे जास्त?

ता. क. सात आठवड्यांनी अर्धमॅरेथॉन आहे. पैसे भरून झालेत. धावू ना?

उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण जरा थांबा. पत्राच्या मधोमध दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून टाकल्या आहेत, नडगी आणि पाळी. त्या आधी, बाकी सगळं मग.

बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागेत दुखणं, आणि तेही आधी धावल्यानंतर, मग धावताना, मग स्वस्थ पडल्यावर, हा क्रम सहसा हाडाचा असतो. स्नायूचं किंवा हाडावरच्या आवरणाचं दुखणं नडगीच्या कडेने लांबवर पसरतं आणि अंग गरम झालं की बऱ्याचदा सैलावतं. तुमचं उलट चाललंय. त्यामुळे हाडाला बारीक तडा जात असावा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असं धरूनच चालायला हवं. नसेल तर आनंदच आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या सैन्यातल्या डॉक्टरने १८५५ मध्ये लांब संचलनानंतर सैनिकांचे पाय सुजतात, दुखतात अशी नोंद केली होती. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, आणि त्यानंतर कळलं की त्या पायांतली हाडं मोडलेली असत. कुणी पडलं नव्हतं, कुणाला मार बसला नव्हता. नुसतं चालून हाड मोडलं होतं.

हे कसं होतं ते सांगते, कारण ‘शरीराला सवय होते’ या वाक्याचा हिशेब इथेच लागतो. सवय होते, खरं आहे. पण भार वाढला की शरीर आधी जुनं हाड खोदून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. खोदकाम काही आठवड्यांत उरकतं, भरणीला महिने लागतात. म्हणजे मेहनत वाढवल्यावर मधला काही काळ ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याला सगळ्यात जास्त जोम आलेला असतो. दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायू काही महिन्यांत, स्नायूबंध आणि हाडं त्यांच्याही मागून रांगत येतात. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब, आणि ऐकू फक्त छातीचं येतं.

मलाही तेव्हा छातीचंच ऐकू आलं होतं. तिशीत असताना तळपायाच्या एका हाडाला असाच तडा गेला होता आणि मी, डॉक्टर असून, तीन आठवडे ‘शिर आखडली आहे’ म्हणत त्यावर धावत होते. रुग्णाने हेच सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी त्याला घरी बसवलं असतं.

तेव्हा धावणं आजपासून बंद. उद्याची ‘शेवटची एक फेरी’सुद्धा नको. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे साफ आला तरी हुरळून जाऊ नका, पहिले दोन-तीन आठवडे असा तडा त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआय लागेल का, हे स्पष्टपणे विचारा.

आता पाळी. एकोणचाळिसाव्या वर्षी तीन महिने पाळी न येणं हे ‘चाळिशी’च्या खात्यात परस्पर टाकायचं नसतं. पंचेचाळिशीच्या आत पाळी थांबली तर कारण शोधायचं, हा नियम आहे. आधी गर्भधारणा चाचणी (हसू नका, ती पहिलीच असते), मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अंडाशयाची संप्रेरकं, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा. स्त्रीरोगतज्ज्ञांना व्यायामाचे तास आणि खाण्याचा आकडा दोन्ही सांगा. बायका व्यायामाचं कौतुकाने सांगतात आणि खाण्याचं सांगायचं राहून जातं.

या सगळ्या चाचण्यांतून वेगळं काही निघालं तर त्याचा विचार करूच. पण मला जे दिसतंय ते तुमच्याच आकड्यांतून मांडते. तुमचं वजन ५४ किलो. त्यातली चरबी वजा केली तर साधारण ४२ किलो शरीर उरतं असं धरू. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे जवळपास एक कॅलरी जळते. नऊ किलोमीटरला तुमच्या साधारण ४९० गेल्या. जिमच्या तासाला आणखी २०० धरा. १५०० मधून ६९० गेल्या, उरल्या ८१०. एवढ्यात हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड, हाडांची डागडुजी, संप्रेरकं, सगळं भागवायचं. चरबीविरहित शरीराच्या दर किलोमागे हे १९ कॅलरींच्या आसपास येतं. धडधाकट तरुण बायकांवर झालेल्या प्रयोगांत हा आकडा ३० च्या खाली नेल्यावर अवघ्या पाच दिवसांत पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडलेली दिसली. तीस ही काही दगडावरची रेघ नाही, कुणाचं थोडं वर बिघडतं, कुणाचं थोडं खाली. पण तुम्ही १९ वर आहात, आणि जिम नसते त्या दिवशीही २४ वर.

घरात पैसा कमी आला की आपण काय करतो? वीज, किराणा, औषधं चालू ठेवतो आणि जे आज नसलं तरी चालेल ते बंद करतो. शरीराच्या लेखी मूल जन्माला घालणं हे ‘आज नसलं तरी चालेल’ या खात्यात येतं. पाळी थांबते. पाळीबरोबर इस्ट्रोजेन उतरतं, आणि हाडाचं खोदकाम आवरून धरणारं मुख्य संप्रेरक तेच. मग नडगीची भरणी आणखी मागे पडते. रात्रीचं जेवण टाकून झोपलं की पहाटे तीनला जाग येणं हेही बऱ्याच जणींना याच दिवसांत सुरू होतं. म्हणजे पत्रात तुम्ही चार वेगळ्या तक्रारी लिहिल्यात, मला त्यात एकच गोष्ट दिसते. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला खेळाडूंमधली सापेक्ष ऊर्जातूट असं नाव दिलं. खेळाडू शब्दावर जाऊ नका. हौसेने धावणाऱ्या, नोकरी-घर सांभाळणाऱ्या बायकांमध्ये ते मी जास्त पाहते, कारण त्यांच्या मागे ना प्रशिक्षक असतो ना आहारतज्ज्ञ, असतं फक्त अ‍ॅप.

आता तुमचा मूळ प्रश्न.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. जोराचा म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. तुमचं नुसतं धावणंच ४८० मिनिटं आहे (जिमचे चार तास धरून आठवड्याला बारा तास), किमान मर्यादेच्या सहापटीहून थोडं अधिक.

मग सहापट म्हणजे जास्त का? २०१५ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या सहा मोठ्या पाहण्यांची माहिती एकत्र करून साडेसहा लाखांहून अधिक माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, किमान मर्यादेपेक्षाही कमी करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी होता. किमान ते दुप्पट करणाऱ्यांचा ३१ टक्क्यांनी, तिपटीपर्यंत ३७, तीन ते पाचपट करणाऱ्यांचा ३९. त्यापुढे फायदा वाढला नाही. दहापटीच्या वर जाणाऱ्यांमध्ये तो पुन्हा ३१ वर दिसला, पण त्या गटात माणसंच कमी होती; अमुक इतक्या व्यायामाने नुकसान होतं असं काही त्यातून निघालं नाही.

दोन गोष्टी यातून घ्या. बैठ्या माणसाने नुसतं उठून चालायला लागणं, यात सगळ्यात मोठी कमाई आहे. तिपटीनंतर मात्र दर जादा तासामागे जवळपास काहीच हाती लागत नाही. म्हणून मला कोणी ‘सामान्य माणसाला पुरे किती’ असं विचारलं की मी सांगते, जोराचा व्यायाम असेल तर आठवड्याला चार तास, भरभर चालणं असेल तर त्याच्या दुप्पट, त्यापुढचं सगळं आवडीखातर. आवडीखातर करायला माझी ना नाही. लोक आवडीखातर रात्रभर पत्तेही खेळतात.

पण ‘पुरे’ आणि ‘जास्त’ या दोन वेगळ्या गोष्टी. वरचे आकडे मृत्यू मोजतात, त्यात तुमची नडगी कुठेच मोजलेली नाही, पहाटे तीनची जागही नाही. दहा वर्षांत हळूहळू बारा तासांवर पोचलेली, आठ तास झोपणारी, खर्चेल तेवढं खाणारी बाई याच वेळापत्रकावर मजेत असू शकते. आणि रात्रपाळी करून दमलेल्या, तान्हं मूल असलेल्या एखादीला आठवड्याचे तीन तासही जड जातील. जो भार पुढच्या खेपेपर्यंत भरून निघत नाही, तो जास्त. तुमचा भरून निघत नाहीये. दहा ठोक्यांनी वाढलेली नाडी तेच सांगते आहे, आणि त्याच वेगाला लागणारी धापही. (दोन्हीमागे रक्त कमी असणं किंवा थायरॉइडही असू शकतो, म्हणून त्या तपासण्या टाळू नका.)

एक गंमत अशी की अतिसरावाचं, म्हणजे झेपेल त्याहून जास्त व्यायाम होत राहण्याचं, निदान करणारी रक्तचाचणी नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संस्थांनी २०१३ मध्ये मिळून जे निवेदन काढलं, त्यात भेद केला आहे तो भरून यायला लागणाऱ्या वेळावर. काही दिवस ते काही आठवडे विश्रांती घेऊन पूर्वपदावर आलात तर तो नुसता ताण. महिने लागले तर खरा अतिसरावाचा आजार. म्हणजे थांबल्याशिवाय कळायचं नाही तुम्ही कुठे आहात.

तुमच्या नवऱ्याने हृदयाबद्दल वाचलं ते अगदीच खोटं नाही. स्वीडनमध्ये ९० किलोमीटरची स्की शर्यत असते, वासालोपेत नावाची. तिच्या बावन्न हजारांवर स्पर्धकांचा मागोवा घेतला तेव्हा ती पुन्हा पुन्हा पूर्ण करणाऱ्यांमध्ये हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण हेच स्पर्धक एरवीच्या जनतेपेक्षा कमी दगावतात, असंही दुसऱ्या पाहणीत दिसलं आहे. तुमच्या यादीत ही काळजी आज फार खाली आहे. आणि त्यांनी हा मुद्दा सोफ्यावर बसून मांडला असेल तर त्यांना १९९३ चा एक अभ्यास सांगा : अचानक जोराचे श्रम केल्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता एरवीच्या मानाने आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये अडीचपटीहून कमी वाढते, आणि आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांमध्ये शंभरपटीहून जास्त. व्यायाम न करणं हा काही सुरक्षित पर्याय नव्हे. घरात दोघांपैकी एकाने कमी करायचंय आणि एकाने सुरू करायचंय असं दिसतंय.

तापात धावलात, त्यावर मात्र मी रागावणार आहे. विषाणूच्या तापात क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, आणि तशा हृदयाला पळवलं तर त्याची लय जीवघेणी बिघडू शकते. नुसती सर्दी असेल तर थोडं चालायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर पांघरूण घ्यायचं.

आणि आता ज्या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते : ‘नाहीतर चैन पडलं नसतं.’

फ्रेडरिक बेकलंड नावाच्या संशोधकाला एकदा व्यायाम बंद केल्यावर झोपेचं काय होतं ते पाहायचं होतं. १९७० मध्ये त्यांनी जे लिहिलं त्यात एक बाजूची गोष्ट आहे, आणि तीच लोकांच्या लक्षात राहिली. रोज व्यायाम करणारी माणसं महिनाभर तो बंद ठेवायला तयारच होईनात. बरेच पैसे देऊ केले तरी नाही. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस करणाऱ्यांवर प्रयोग उरकावा लागला. त्यांचीही झोप बिघडली, चिडचिड झाली, ते वेगळंच.

मी तुम्हाला व्यसनी म्हणत नाही. सव्वा वर्षापूर्वी एका कागदावरच्या आकड्याने तुम्हाला घाबरवलं आणि तुम्ही त्या भीतीला धावून मागे टाकलंत, ही साधी गोष्ट नाही. पण भीती संपली, साखर ताळ्यावर आली, तरी धावणं वाढतच गेलं. साखरेसाठी किती पुरतं ते माहीत आहे : अमेरिकेत तुमच्यासारख्याच सीमारेषेवरच्या लोकांवर मोठा प्रयोग झाला, २००२ मध्ये निष्कर्ष आले. आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल आणि सात टक्के वजन कमी, एवढंच उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमचं वजन १४ टक्क्यांनी उतरलंय. साखरेचं काम कधीच झालं. मग उरलेले साडेनऊ तास कशासाठी, हे एकदा कागदावर लिहून काढा. उत्तर ‘मजा येते’ असेल तर उत्तम. ‘नाही केलं तर मी पुन्हा तशीच होईन’ असं काही निघालं, तर पाय बरा होईपर्यंतच्या आठवड्यांत मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. हे मी सौम्यपणे सुचवत नाही, एमआरआयइतकंच गंभीरपणे सांगते आहे.

पुढचे दोन आठवडे असे काढा. रात्रीचं जेवण आजपासून सुरू. अ‍ॅप काढून टाका. ठेवायचंच असेल तर आकडा वरच्या बाजूला जातोय ना, हे बघायला ठेवा. चालताना पाय दुखत नसेल तर डॉक्टरांनी होकार दिल्यावर सावकाश चाला. दुखत असेल तर तेही नको, पोहता येत असेल तर पाण्यात उतरा. पोहणंही रोज तासभर करून वसूल करायला जाल, मला माहीत आहे; आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. वजन थोडं वाढेल. वाढू द्या, तोच उपचार आहे.

‘थांबलीस की संपलीस’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना सांगा, दहा दिवसांत दम जेमतेम उतरतो आणि ताकद तीन आठवडे जवळपास तशीच राहते. गेलेलं परत मिळवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

पाय बरा झाल्यावर, पाळी सुरू झाल्यावर धावा, जरूर धावा. एक दिवसाआड. बहुतेक दिवस गप्पा मारता येतील अशा वेगाने, आठवड्यातून एकदाच जोरात. जिम दोनदा, आणि ती सोडू नका, हाडाला तिची गरज आहे. एक दिवस काहीही नाही. पहिल्यांदा दिवस वाढवायचे, मग अंतर, मग वेग, तिन्ही एकदम नाही. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम, काही कारण नसताना एक दिवस चुकवा, दुसऱ्या दिवशी भरपाई न करता. तो दिवस कसा गेला ते मला कळवलंत तर बरं वाटेल. पाळी परत यायला मात्र काही महिने लागू शकतात, त्याने घाबरून जाऊ नका, आणि तोवर खाणं कमी करू नका.

ता. क. मधल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. हाडाला तडा असेल तर तो भरायलाच सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त, आणि त्यानंतर धावणं शून्यापासून सुरू होतं. तडा नसला तरी तीन महिने पाळी नसलेल्या बाईला मी एकवीस किलोमीटर पळायला पाठवणार नाही. आयोजकांना आजच लिहून विचारा, काही जण प्रवेश पुढच्या वर्षावर टाकून देतात. पैसे गेले तर गेले.